पुण्यातला पहिला पगार: कुठे सही करायची, कुठे थांबायचं

पहिल्या पगाराची तारीख जवळ आली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "पैसे कुठे गुंतवू?" प्रश्न चांगला आहे, पण त्याची एवढी घाई नाही. हिशोबच करून बघू. समजा, तुम्ही दरमहा ३,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेल्या रकमेची नियमित गुंतवणूक, सुरू केली. वर्षभरात ३६,००० रुपये गेले. फंडाने वर्षाला १२ टक्के दिले काय किंवा ८ टक्के दिले काय, पहिल्या वर्षाअखेर जमलेल्या रकमेत फरक आठशे रुपयांच्या आतच पडतो. त्याच वर्षात घराची दलाली, दुचाकीच्या कर्जाचं व्याज आणि नात्यातल्या एजंटाने गळ्यात मारलेली पॉलिसी यांतल्या एकेका सहीत याच्या कितीतरी पट पैसे जातात. त्यातल्या काही सह्या तर पुढच्या तीन, पाच, वीस वर्षांच्या पगारावर आधीच हक्क सांगून बसतात.

म्हणून हा लेख सह्यांच्या क्रमाने लिहिला आहे. सुरुवात ऑफर लेटरपासून, शेवट पहिली नोकरी सोडण्यापाशी. तुम्ही हिंजवडीत आयटीत असा, चाकणला प्लँटवर असा किंवा टिळक रोडवर एखाद्या सीएच्या ऑफिसात. आकडे बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

पायरी १: ऑफर लेटर हातात आल्यावर

घरी सगळ्यांना "सहा लाखांचं पॅकेज" सांगून झालेलं असतं. आईने सहाला बाराने भागून पन्नास हजार हा आकडाही मनात धरलेला असतो. हातात पन्नास येत नाहीत.

सहा लाख सीटीसीचं, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचं, एक नमुन्याचं गणित मांडतो. बेसिक (मूळ पगार) निम्मं, म्हणजे महिना २५,०००. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) वर्षाला ३६,०००. तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के दराने धरतात, म्हणजे १४,४३० रुपये. ती हातात पडायला साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी लागते. व्हेरिएबल पे ३०,००० धरा, तो वर्षाअखेर मिळेल, पूर्ण मिळेलच असं नाही. गट विम्याचा हप्ता ६,०००. हे सगळं वजा केल्यावर महिन्याचा ठोक पगार उरतो सुमारे ४२,८००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. खात्यावर येतात ३९,६०० च्या आसपास.

व्यवसाय कर हा महाराष्ट्र शासनाचा. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर कापतात, तेव्हा कपात १,८०० होते आणि हातात थोडे जास्त येतात. निवड विचारली तर पूर्ण बेसिकवरचा पीएफ घ्या, असं माझं मत. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. तेवढं व्याज इतक्या कमी जोखमीत सहसा दुसरीकडे मिळत नाही, आणि न दिसलेला पैसा खर्च होत नाही.

एचआरला रुजू होण्याआधीच तीन गोष्टी लेखी विचारा: महिन्याला हातात नक्की किती, व्हेरिएबल कधी आणि कशावर ठरतो, नोटीस पीरियड किती. विचारल्याने ऑफर जात नाही. मात्र "कन्सल्टंट" म्हणून घेत असतील तर गणितच निराळं. तिथे पीएफ नसतो, रजेचे पैसे नसतात, आणि फीमधून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. तोच आकडा पगारी नोकरीत मिळाला असता तर जास्त मोलाचा होता, हे लक्षात ठेवून बोलणी करा.

नोकरीसाठी "ट्रेनिंग डिपॉझिट" किंवा "लॅपटॉपचे पैसे" आधी मागणारी कंपनी ही कंपनी नसतेच. तिथून सरळ घरी जा.

पायरी २: राहायची सोय

पुण्यात येणाऱ्याचा पहिला मोठा खर्च हाच, आणि सगळ्यात कमी विचार करून केलेली सहीही हीच. पहिले दोन-तीन महिने कॉट बेसिसवर किंवा पीजीत काढावेत. ऑफिस बदललं, शिफ्ट बदलली, प्रोजेक्ट खराडीला गेलं असं पहिल्या तिमाहीत सर्रास होतं. कर्वेनगरला अकरा महिन्यांचा करार करून रोज हिंजवडी गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा पेट्रोलचा खर्च भाड्यातल्या बचतीला खाऊन वर पाठदुखी देतो. जागा शोधताना मेट्रोचा नकाशा समोर ठेवा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या दोन मार्गिकांच्या चालत्या अंतरात घर मिळालं आणि ऑफिसही त्याच रेषेवर असेल, तर दुचाकीची खरेदी वर्षभर तरी पुढे ढकलता येते.

आता फ्लॅटचं गणित. तिघं मित्र मिळून २४,००० भाड्याचा फ्लॅट घेताय असं धरू. डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ७२,०००. दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी. प्रत्येकाच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात डिपॉझिटचे २४,०००, दलालीचे ८,००० आणि भाड्याचे ८,०००, असे एकूण ४०,००० येतात. वरच्या उदाहरणातला अख्खा पगार गेला. गादी, बादली, गॅस अजून बाकीच. हे पैसे घरून आणा, साठवून ठेवा, काहीही करा, पण त्यासाठी ॲपवरून कर्ज काढू नका. ब्रोकरशिवाय जागा मिळवायची तर ऑफिसातल्या अंतर्गत ग्रुपवर विचारा. नोटीस दिलेल्या भाडेकरूच्या जागी थेट जाता आलं तर दलाली वाचते. सोसायटीच्या वॉचमनला विचारणं हा जुना उपायही अजून चालतो.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तरीही "नोटरी करून टाकू, स्वस्त पडतं" असं सांगणारे मालक आणि एजंट भेटतातच. स्वस्तही फारसं पडत नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के असतं, आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवतात. वरच्या फ्लॅटला अकरा महिन्यांसाठी ते सातशे रुपयांच्या आत बसतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, वर किरकोळ शुल्क. एजंट घरी येऊन बोटांचे ठसे घेऊन ऑनलाइन नोंदणी करतो, त्याची मजुरी वेगळी. ही रक्कम कोण देणार हे आधी ठरवा. पुण्यात बहुधा निम्मी-निम्मी चालते.

करारात पुढच्या गोष्टी डोळ्यात तेल घालून वाचा:

- लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा? सहा महिन्यांचा असेल आणि बंगळुरूला बदली झाली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागतात.
- डिपॉझिट किती दिवसांत परत? "घर रिकामं केल्याच्या दिवशी" असंच लिहून घ्या.
- रंगकामाचे पैसे कापणार का? कापणार असतील तर रक्कम आत्ताच लिहा. नंतर ती दुप्पट होते.
- मेंटेनन्स कोणाकडे? भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो ना-वापर आकार लावते, तो मालकाचा.
- तिघांचीही नावं आहेत का? एकाच्याच नावावर करार असेल तर बाकी दोघांकडे पत्त्याचा पुरावा राहत नाही आणि डिपॉझिटवर हक्कही सांगता येत नाही.

डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचा, गीझरचा, भिंतीवरच्या ओलीचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. एक मित्र मध्येच सोडून गेला तर त्याचं डिपॉझिट नवा येणारा देईल की उरलेले दोघं, हेही आपसात ग्रुपवर लिहून ठेवा. मैत्र्या तुटतात त्या बहुधा याच मुद्द्यावर. विजेचं बिल त्यामानाने कोणी मनाला लावून घेत नाही.

पायरी ३: पगाराचा दिवस

दोन खाती ठेवा. पगार एकात येऊ द्या. यूपीआय दुसऱ्याला जोडा. पगार आला की त्याच दिवशी भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि बचत आपोआप निघून जाईल अशी सूचना बँकेत लावा, आणि महिन्याच्या खर्चाची ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. चहा, मिसळ, रिक्षा, रात्रीची बिर्याणी, सगळं त्यातून. वीस तारखेला ते खातं रिकामं झालं तर कुठे गेले हे शोधायला वेगळं ॲप लागत नाही.

डायरीत रोजचा खर्च लिहावा असं वडीलधारे सांगतात. जमत असेल तर उत्तमच. दहातल्या नऊ जणांचं ते दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं, त्यामुळे मी त्याचा आग्रह धरत नाही.

घरी पैसे पाठवत असाल तर रक्कम पहिल्यापासून ठरवून घ्या आणि ती आई-बाबांना स्पष्ट सांगा. "लागतील तसे देतो" या व्यवस्थेत दोन्ही बाजूंची कुचंबणा होते.

पायरी ४: कर्जाच्या सह्या

शैक्षणिक कर्ज असेल तर तेच पहिलं काम. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. बँकेत जाऊन आजची नेमकी थकबाकी विचारा. घेतलेल्या रकमेपेक्षा ती फुगलेली दिसेल. व्याजदर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. दिवाळी बोनस, व्हेरिएबल, वाढदिवसाला आजीने दिलेलं पाकीट, जे हाती येईल ते इथे भरा. दहा टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे खात्रीचे दहा टक्के मिळवणं, आणि खात्रीचे दहा टक्के बाजारात कोणी देत नाही.

मग दुचाकी. पुण्यात दुचाकीशिवाय जगता येतं हे पटवणं अवघड आहे, मी तो प्रयत्न करत नाही. शोरूमच्या टेबलावर काय होतं तेवढं सांगतो. सेल्समन म्हणतो, "सर, फक्त दहा टक्के व्याज." ते फ्लॅट दराने असतं. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, फ्लॅट दहा टक्के म्हणजे व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हाच दर जवळजवळ १८ टक्के होतो. म्हणून एकच प्रश्न विचारा, "रिड्युसिंगने किती?" आणि उत्तर लेखी मागा. प्रोसेसिंग फी, विम्याची जबरदस्ती, ॲक्सेसरीजचं पॅकेज हे सगळं सुटं करून घ्या; विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी पूर्ण पैसे देऊन घेणं हा पहिल्या वर्षासाठी माझ्या मते सगळ्यात शहाणा पर्याय. फक्त आरसी आपल्या नावावर होईपर्यंत थोडे पैसे हातचे राखून ठेवा.

क्रेडिट कार्ड एकच पुरे. पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्याला ते जवळजवळ फुकट असतं आणि कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअरही बनतो. "मिनिमम ड्यू" भरणाऱ्याला मात्र उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज लागतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. बिल आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सूचना लावा. रोख रक्कम कार्डावरून कधीच काढू नका. नोंदणीकृत चार पतमाहिती कंपन्यांकडून, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसतंय का, ते त्यात तपासा.

कर्ज देणाऱ्या ॲप्सबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज थेट तुमच्या खात्यात यायला हवं, एकूण वार्षिक खर्च सांगणारं पत्रक आधी मिळायला हवं, आणि ठराविक दिवसांत दंड न भरता कर्ज परत करण्याची मुभा हवी. वैध ॲप्सची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून आहे. जे ॲप फोनबुक आणि फोटोंची परवानगी मागतं, ते वसुलीच्या वेळी काय करणार हे उघड आहे.

पायरी ५: अडीनडीचे पैसे

तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत दुसरं काही सुरू करू नका. आयटीत बेंचवर (प्रोजेक्टविना) बसायची वेळ किंवा कंत्राटी नोकरी असेल तर सहा महिन्यांचा. हे पैसे बचत खात्यात आणि एफडीत. शेअर बाजारात नाहीत, भिशीत नाहीत.

पुणेकरांचा सहकारी बँकांवर जुना लोभ आहे, आणि त्यातल्या बऱ्याच बँकांनी तो सार्थही ठरवला आहे. पण रुपी बँकेचं उदाहरण फार लांबचं नाही. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, आणि मधल्या काळात माणसं स्वतःच्याच पैशांसाठी खेटे घालत राहिली. नियम असा: एका बँकेत एका ठेवीदाराच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवींना, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याआधी ती १ लाख होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर ९० दिवसांत हे पैसे मिळायची तरतूद झाली. सुरुवातीच्या काळात तुमची रक्कम या मर्यादेत आरामात बसते.

पतसंस्थेला मात्र हा विमा लागू नाही. पाटीवर "सहकारी" आणि आत काउंटर बघून बँकच वाटते, व्याजही टक्का-दीड टक्का जास्त असतं, आणि चेअरमन वडिलांच्या ओळखीचे असतात. तरीही अडीनडीचे पैसे तिथे नकोत. सराफांच्या मासिक सुवर्ण योजनेचंही तसंच. अकरा हप्ते भरले की बारावा दुकानदार भरतो हे आकर्षक दिसतं, पण तोपर्यंत तुमचे पैसे विनाविमा त्यांच्याकडे पडून असतात. गुढीपाडव्याला ग्रॅमभर सोनं घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, घरच्यांना बरं वाटतं. हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक बघा, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी मोजा, आणि त्याला सण म्हणा, बचत म्हणू नका.

खातं उघडताना नॉमिनी भरा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणी करत नाही.

पायरी ६: विमा

कंपनीचा गट आरोग्य विमा असतो, पण नोकरीबरोबर तो संपतो. स्वतःची एक आरोग्य पॉलिसी विशी-पंचविशीत घेतली तर हप्ता कमी बसतो आणि आधीच्या आजारांची प्रतीक्षा मुदत तब्येत धडधाकट असतानाच संपून जाते. ही मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पॉलिसीत खोलीभाड्यावर मर्यादा आहे का, ते बघा. ती असेल तर महागड्या खोलीत गेल्यावर इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. कंपनीच्या विम्यात आई-वडिलांना घेता येत असेल तर रुजू होतानाच नावं द्या. ही खिडकी बहुधा थोडेच दिवस उघडी असते, नंतर वर्षभर थांबावं लागतं.

टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, प्रत्येकाला पहिल्या वर्षी लागतोच असं नाही. तुमच्या पगारावर कोणी अवलंबून आहे का? शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार आहेत का? एका जरी प्रश्नाचं उत्तर हो असेल तर घ्या. तुम्ही नसाल तर ते कर्ज निवृत्त होत आलेल्या वडिलांकडून वसूल होईल, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

आता अवघड भाग. पहिला पगार झाल्याची बातमी नातेवाइकांत पोचली की एखादे काका किंवा मावशींचे दीर फॉर्म घेऊन येतात. वीस वर्षांची "मनी बॅक", वर्षाला तीस हजार, "विमाही होतो आणि बचतही." अशा पारंपरिक योजनांचा परतावा हिशोब करून काढला तर साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास निघतो आणि विम्याची रक्कम तुमच्या गरजेच्या मानाने अगदीच तुटपुंजी असते. नातं जपून नाही म्हणायची एक युक्ती: "काका, टर्म प्लॅन द्या, तुमच्याकडूनच घेतो." बहुतेकदा विषय तिथेच बदलतो. खरंच दिला तर चांगलंच झालं. सही होऊनच गेली असेल तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. तक्रार अडली तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे.

पायरी ७: आता गुंतवणूक

वरची सगळी घडी बसायला वर्ष जातं. मग एक निफ्टी ५० इंडेक्स फंड (पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर निर्देशांकाच्या प्रमाणात घेणारा), डायरेक्ट प्लॅन, झेपेल तेवढी एसआयपी. एवढंच. पाचशेपासून सुरू होते. डायरेक्ट प्लॅनमध्ये मधल्या वितरकाचं कमिशन नसतं. २०१३ पासून प्रत्येक फंडाला हा प्लॅन द्यावाच लागतो. पाच वर्षं हात लावायची गरज नाही असेच पैसे टाका, कारण बाजार मध्ये वीस-तीस टक्के खाली येऊ शकतो आणि तेव्हा भाडं भरायला युनिट विकावे लागणं यासारखं दुर्दैव नाही. इक्विटी फंड वर्षानंतर विकला तर वर्षातल्या १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. पगारवाढ झाली की एसआयपी वाढवा. सात-आठ फंड गोळा करण्यात काही अर्थ नाही. आत शेअर बहुधा तेच असतात.

कँटीनमध्ये कोणीतरी शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या सौद्यांमध्ये एका दिवसात वीस हजार काढल्याचं सांगेल. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, आणि तो सरासरी सुमारे दोन लाखांचा होता. तोटा झालेले कँटीनमध्ये बोलत नाहीत. टेलिग्रामवरच्या टिप्स, "हमखास" परतावा, परदेशी दिसणारं ट्रेडिंग ॲप, यांतून तर पैसे ट्रेडिंगपर्यंत पोचतही नाहीत. असं काही घडलं, किंवा यूपीआयवर फसवणूक झाली, तर लाजत बसू नका. त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

पायरी ८: आयकर

सुरुवातीच्या पगाराला हा विषय जितका मोठा केला जातो तितका नाही. नवी करप्रणाली आपोआप लागू असते. तिच्यात आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२.७५ लाख होते. म्हणजे जानेवारीत एचआरचा "प्रूफ सबमिट करा" असा मेल आला म्हणून घाईने पॉलिसी किंवा कर बचतीचा फंड घ्यायचं कारण नाही. अशा गुंतवणुकीवर आयकराच्या कलम ८०सी ची जी वजावट मिळते, ती नव्या प्रणालीत नाहीच. भाडेपावत्यांवर घरभाडे भत्त्याची सूटही जुन्या प्रणालीतच.

कर शून्य असला तरी विवरणपत्र भरा. उत्पन्न ४ लाखांवर असेल तर ते भरावंच लागतं. पुढे गृहकर्जाला, परदेशी व्हिसाला तीच कागदपत्रं मागतात. जूनच्या मध्यापर्यंत कंपनी फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) देते. तो आणि आयकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहितीपत्रक जुळवून बघितलं की साधं पगारी विवरणपत्र स्वतःला भरता येतं. शेअर किंवा कन्सल्टंटची फी असेल तरच सीएकडे जा.

पायरी ९: पहिली नोकरी सोडताना

दीड-दोन वर्षांत ही वेळ येतेच. शेवटच्या दिवसाआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, रिलीव्हिंग लेटर स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीच्या विम्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते विचारा. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलत असाल तर नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आकडा कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या स्वतंत्रपणे हिशोब करून सूट देतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते. पगार थांबला की काही महिन्यांनी जुनं पगार खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होतो, तेव्हा ते बंद करा किंवा तेवढी रक्कम ठेवा.

पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी लागणारी एकूण दहा वर्षांची सेवा मोडते. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, एकच राहतो; नव्या एचआरला तोच द्या, नवा काढून घेऊ नका, आणि जुनी शिल्लक पोर्टलवरून नव्या खात्यात वर्ग करा. ते अडतं बहुधा एकाच कारणाने: जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसते. दोन महिने वाट बघा, तरीही रकाना रिकामा असेल तर आधार ओटीपी वापरून ती तारीख तुम्हाला स्वतःच भरता येते.